गुडघे टेकून बघितलंत का? गंभीर प्रार्थनेला चर्चमध्ये जाताना कपड्यांच्या या चुका टाळा

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मला दोन-तीन फोन हमखास येतात. "अगं, उद्या तुमच्या चर्चला यायचंय, काय घालू?" शाळेतल्या मैत्रिणी, शेजारच्या वहिनी, आणि आता सुनेच्या माहेरची माणसं. वसईत राहणाऱ्या ख्रिस्ती बाईला असे फोन यायचेच. पूर्वी मी म्हणायचे, "साधंच काहीतरी घाल." हे उत्तर किती निरुपयोगी आहे ते चर्चच्या दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा कळलं. साधं म्हणून जे घालून येतात त्यातल्या निम्म्याजणांचा वेळ कपडे सावरण्यात जातो. कुणी पदर ओढतंय, कुणी कुर्ता खाली खेचतंय, कुणी मागच्या हुकाला हात लावून बघतंय.

कारण सोपं आहे. कपडे आपण आरशासमोर उभं राहून निवडतो, आणि आमची प्रार्थना माणसाला नुसतं उभं राहू देत नाही.

शुक्रवारचंच बघा. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे आमची नेहमीची मुख्य उपासना, नसते. दुपारी तीनच्या सुमाराला फादर न बोलता येतात आणि उघड्या, काहीही न मांडलेल्या वेदीसमोर पालथे पडतात. अख्खं चर्च त्या वेळी गुडघ्यांवर. मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची कथा उभं राहून ऐकायची, ती चांगली लांब असते. येशू प्राण सोडतो त्या ठिकाणी परत गुडघे. पुढे दहा मोठ्या प्रार्थना, त्यातही ऊठबस. आणि मग रांगेने पुढे जाऊन, वाकून, क्रूसाचं चुंबन. हे सगळं कधी? ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिलच्या मध्ये कधीही येतो. म्हणजे किनारपट्टीवरच्या ऐन उकाड्यात, गच्च भरलेल्या चर्चमध्ये, डोक्यावरच्या पंख्याच्या भरवशावर.

म्हणून आता फोनवर मी एवढंच विचारते, "घातलेल्या कपड्यांत गुडघे टेकून बघितलंस का?"

चर्चला जायचं म्हणून मुद्दाम फ्रॉक शोधणं

ही चूक सिनेमामुळे झाली आहे. पडद्यावरची ख्रिस्ती बाई म्हणजे फ्रॉक, जाळीची टोपी आणि हातमोजे, असं डोक्यात बसलंय. आमच्या आज्या लाल चौकड्यांचं लुगडं नेसून मिस्साला जायच्या, आणि लुगड्यातल्या काही म्हाताऱ्या अजूनही पहिल्या बाकांवर दिसतात. मराठी प्रार्थनेला साडी आणि सलवार-कमीज हाच बायकांचा नेहमीचा पोशाख आहे. एका मैत्रिणीने केवळ आपल्याला परकं वाटू नये म्हणून ऑनलाइन काळा लेसचा ड्रेस मागवला होता. बाकावर बसल्याबरोबर तो गुडघ्याच्या वर गेला आणि बिचारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तुमची रोजची सुती साडी त्यापेक्षा कितीतरी शोभली असती.

तुमचं कुंकू-टिकली, मंगळसूत्र काढून ठेवायचीही गरज नाही. मंगळसूत्र तर कित्येक मराठी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात असतं, पुष्कळदा क्रूसाच्या पदकासकट.

पदर एकाच पिनेच्या भरवशावर सोडणं

हा माझा स्वतःचा अनुभव. पांढरी शिफॉन, बारीक काठ, आरशात अगदी देखणी दिसत होते. गुडघे टेकले तेव्हा सोडलेला पदर गुडघ्याखाली आला. उठायला गेले आणि खांद्यावरची पिन तटकन निसटली. पुढच्या प्रार्थना मी एका हाताने खांदा धरून म्हटल्या.

त्यानंतर मी जे करते ते सांगते. पदराच्या बारीक चुण्या घालून पिन आतून लावायची, साडी आणि ब्लाउज दोन्ही तिच्यात आले पाहिजेत. साडी तलम असेल तर पिनेत आधी एक छोटा मणी ओवायचा, म्हणजे कापड पिनेच्या गुंडाळीत अडकून फाटत नाही. निऱ्यांनाही आतून एक पिन. साडी नेसताना जी चप्पल घालणार तीच पायात हवी, आणि निऱ्या जमिनीपासून बोटभर वर. गुडघे टेकण्याआधी निऱ्या किंचित उचलून घ्यायच्या आणि पदराचं टोक उजवीकडून पुढे आणून कमरेला खोचायचं. म्हाताऱ्या बायका पदर दोन्ही खांद्यांवरून घेतात, त्यांचा कधी सुटलेला मी पाहिला नाही.

साडीच निवडायची असेल तर मऊ पडलेली सुती किंवा सुती-रेशमी घ्या. कडक स्टार्च केलेली नवी साडी बसलं की फुगते आणि शेजारच्याच्या मांडीवर जाते. शिफॉन, जॉर्जेट घसरतात. पैठणी लग्नाला ठेवा. बारीक जर चालते, पण टिकल्या आणि आरशांचं काम नको, वाकलात की शेजारणीच्या ओढणीत अडकतं.

पुढचा गळा बघायचा आणि मागचा विसरायचा

गळा किती खोल चालेल असं सगळ्याजणी विचारतात तेव्हा त्यांच्या मनात पुढचा गळा असतो. चर्चमध्ये तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघतो तो मागच्या बाकावरचा माणूस, आणि तुम्ही डोकं वाकवलंत की त्याच्यासमोर फक्त तुमची पाठ उरते. दोरी-गोंड्याचा मोठ्या गळ्याचा ब्लाउज असेल तर पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या, वेगळा ब्लाउज शिवायची गरज नाही. बाही निदान खांदा झाकणारी हवी. बिनबाह्यांचंच काही आवडत असेल तर वरून सुती स्टोल. जुन्या गोव्याला बॉम जेझूस बॅसिलिका या चर्चमध्ये दर्शनाला जाणाऱ्यांनीही ओढणी बॅगेत ठेवावी. १६०५ साली प्रतिष्ठापना झालेली ती वास्तू लोक पर्यटनस्थळ म्हणून बघायला जातात आणि बीचवरच्या कपड्यांतच दारात उभे राहतात, पण आत मिस्सा चालू असते.

पांढरे किंवा फिके कपडे निघण्याआधी खिडकीकडे पाठ करून तपासा. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये न दिसणारं चर्चच्या दारातल्या तीन वाजताच्या उन्हात सगळं दिसतं. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप उठून दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही.

रंगाची नको तितकी काळजी

"गुड फ्रायडेला फादर लाल झगा घालतात ना, मग आम्ही लाल घालू का?" हा प्रश्न मला खरंच आलाय. फादरांच्या वस्त्रांचे रंग उपासनेच्या नियमाने ठरतात: नाताळआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, गुड फ्रायडेला रक्ताचा म्हणून लाल. बाकावर बसणाऱ्यांना ते नियम नाहीत. तुम्ही पांढरा, राखाडी, गडद निळा, फिका जांभळा, काळा, काहीही घाला. भडक लाल, पिवळं, झगमगीत तेवढं टाळा.

काळ्याबद्दल मात्र मराठी मन अडतं. सवाष्णीने काळं नेसायचं ते संक्रांतीला, चंद्रकळा म्हणून, एरवी अशुभ. तिकडे गोव्यात काळा हा शोकाचा रंग पोर्तुगीज वळणाने इतका रुजलाय की जुन्या पिढीतली ख्रिस्ती विधवा वर्षानुवर्षं काळ्यातच दिसायची. आमच्याकडे अंत्यविधीला पांढरंही असतं, काळंही असतं. सासूबाईंना काळं खटकणार असेल तर पांढरं नेसून या, चर्चमध्ये कुणी तुम्हाला विचारणार नाही.

आवाज करणाऱ्या वस्तू

पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या, संध्याकाळी 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत झालं की चर्चच्या घंटा थांबतात त्या थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत. गरज पडली तर लाकडी खटखट वाजवतात. आता त्या शांततेत रांगेतून येणारे पैंजण, डझनभर काचेच्या बांगड्या आणि टाइल्सवर टॉक-टॉक करणाऱ्या टाचा यांची कल्पना करा. बांगड्या एकेक ठेवा. चप्पल रबरी तळव्याची, पट्ट्याची. लहान मुलांचे पिप-पिप वाजणारे आणि लाइट लागणारे बूट घरी. दारात आल्यावर ते काढून ठेवायला सांगावं तर मूल भोकाड पसरतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

अत्तराचाही एक प्रकारचा आवाजच असतो. चिकटून बसलेल्या माणसांत आणि घामात गोड अत्तर फार चढतं. गजराही त्याच कारणाने नको.

डोक्यावर काय

बायकांनी डोकं झाकायलाच हवं का? बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात ते आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायदेसंहितेतही तसं सांगितलं होतं, १९८३च्या नव्या संहितेत मात्र तो नियम राहिला नाही. त्यामुळे आजी डोक्यावरून पदर घेते आणि नात घेत नाही, दोघी एकाच बाकावर. तुम्हाला घ्यावासा वाटला तर सुती ओढणी घ्या. सिंथेटिक ओढणी डोक्यावर ठरत नाही, आणि मग प्रार्थना तिच्याशीच चालते.

पुरुषांची चूक याच्या बरोबर उलट होते. आपल्याकडे देवळात जाताना टोपी डोक्यावर चढते. चर्चमध्ये ती उतरवायची असते. अंत्यविधीला गावाकडून आलेले काका आदर म्हणून गांधी टोपी नीट बसवून आत येतात, आणि त्यांना कसं सांगावं हे माझ्यासारखीला कळत नाही. म्हणून बरोबरच्या माणसाने आधीच सांगून ठेवावं. बाकी पुरुषांसाठी फिका शर्ट आणि गडद पँट पुरे. शर्ट खोचलेला हवा. नाहीतर गुडघे टेकले, पुढे वाकले की तो वर सरकतो आणि मागच्याला नको ते दर्शन. कुर्ता असेल तर गुडघ्यापर्यंतचा. छातीवर काहीबाही छापलेला टी-शर्ट तर नकोच, कारण रांगेत समोरून येणारा प्रत्येकजण तो वाचतो.

दिवस न विचारता कपडे ठरवणं

चर्चमधली प्रत्येक गंभीर प्रार्थना शुक्रवारसारखी नसते.

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६पासून स्त्रियांनाही त्यात बसवण्याची अधिकृत मुभा आहे, त्यामुळे कधी तुमच्या मैत्रिणीचं, कधी तिच्या आईचं नाव येतं. तिला आवर्जून सांगा की चुडीदार आणि लेगिंग नको. वेदीपाशी खुर्चीवर बसून घोट्यावरून लेगिंग वर ओढणं हे दृश्य मी पाहिलंय. सैल सलवार किंवा साडी, आणि एका हाताने निघणारी चप्पल.

शनिवारी, ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला चर्चमधले दिवे मालवतात, बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या. अंधार, गर्दी, शेकडो ज्योती आणि तुमच्या अंगावर नायलॉनची झुळझुळीत ओढणी, हे कृपा करून नको. सुती कपडे घाला, पदर खोचा, मोकळे केस बांधा. मेण सांडलं तर तिथेच चोळू नका, कपड्यात आणखी मुरतं. घरी येऊन पूर्ण कडक होऊ द्या, बोथट सुरीने खरवडा, मग कपड्याच्या खाली-वर कोरे टिश्यू ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि टिश्यू बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. रेशीम असेल तर खरवडून सरळ ड्राय क्लीनिंगला.

खेड्यातल्या चर्चला जाणार असाल तर आधी विचारून घ्या, काही ठिकाणी चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं असतं. मग घट्ट स्कर्ट आणि अरुंद पँटचे हाल होतात. भोक पडलेल्या मोज्यांचेही.

अंत्यविधी म्हणजे फक्त चर्चमधला तास, असं समजणं

आमच्याकडे दफनभूमी बहुतेक चर्चला लागूनच असते. मिस्सा संपली की शवपेटीमागून सगळे चालत तिकडे जातात. उंच टाचा ओल्या मातीत रुततात. पेटी खाली उतरवल्यावर प्रत्येकजण वाकून मूठभर माती टाकतो, तेव्हा लोंबणारी ओढणी आणि खांद्यावरची पर्स आधी खड्ड्याकडे जाते. ओढणीची दोन्ही टोकं मागे गाठ मारून टाका, पर्स दुसऱ्याकडे द्या. वसईच्या जुलैत तर साडी घोट्याच्या वर नेसा, गडद परकर घाला, रबरी सँडल आणि काळी किंवा साधी छत्री आणा. गेल्या पावसाळ्यात एका अंत्यविधीला एक गृहस्थ कंपनीच्या जाहिरातीची भली मोठी पिवळी छत्री घेऊन आले होते. पाऊस असा कोसळला की शेवटी फादर आणि मयताची दोन्ही मुलं त्या छत्रीखालीच उभी राहिली.