काठावरून सॅमन धरताना जुगाड करताय? या चुका टाळा

ऑक्टोबरात ब्रिटिश कोलंबियातल्या वेडर नदीवर गेलात तर बहुतेकांच्या हातात एकच मांडणी दिसेल: दहा-साडेदहा फुटांचा मऊ रॉड, फ्लोट (पाण्यावरचा तरंगता बोंडा), त्याखाली शिसं, दीड-दोन फुटांचा लीडर (मुख्य लाइन आणि गळ यांच्यामधला तुकडा) आणि गळाला मुरवलेली माशाची अंडी. दोन-चार वेळा हात हलवत परत आलं की वाटायला लागतं, आपण जरा वेगळं काही करून बघू. मग माळ्यावरचा बास माशासाठीचा रॉड निघतो, ट्राउट माशासाठीचं रील निघतं. कोकणात खाडीवर गरवलेला माणूस असेल तर त्याला तळाला शिसं आणि त्याच्या वर गळ ही लहानपणची रचना आठवते.

जरूर करून बघा. मी प्रयोग करणाऱ्यांच्याच बाजूचा आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. पॅसिफिक सॅमन अंडी घालायला नदीत शिरला की खाणं सोडतो. गळाला तोंड लावतो ते चिडून, कुतूहलानं किंवा जुन्या सवयीनं. त्यामुळे आमिष चमत्कारिक दिसलं म्हणून त्याचं फारसं अडत नाही. अडतं ते आमिष त्याच्या नाकासमोरून, त्याच्या पातळीवर, पाण्याच्या वेगानं जात नसेल तर. फसलेल्या जुगाडांत रंगाचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा खोली आणि वेग यांचा मेळ बिघडलेला असतो.

फ्लोट बदलला, शिसं तेवढंच ठेवलं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. फ्लोटवर 20 ग्रॅम असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण तेवढं वजन खाली असेल तर तो सरळ उभा राहून नीट चालतो. नेहमीच्या अंड्यांऐवजी कुणी हलका मऊ मणी किंवा गुलाबी रबरी अळी लावतो, फ्लोटही हौसेनं छोटा घेतो आणि शिसं मात्र डब्यात जे सापडेल ते. फ्लोट अर्धा बुडतो, किंवा आडवा पडून भोपळ्यासारखा तरंगत जातो. खाली आमिष कुठे आहे याचा मग पत्ताच लागत नाही.

फ्लोटकडे नीट बघितलं तर तो सगळं सांगतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेनं पुढे झुकलं असेल तर शिसं किंवा गळ तळाला घासतोय. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगानं धावतं, म्हणून फ्लोट पुढे ओढला जातो आणि खालचं मागे अडकतं. अशा वेळी खोली अर्धा फूट कमी करा. टोक तुमच्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट झुकलं असेल तर तुम्हीच लाइन ओढून धरली आहे. थोडी सैल सोडा, पाण्यावर पडलेली लाइन रॉडनं उचलून वरच्या बाजूला टाका. सरळ उभा राहून वाहत असेल आणि अधूनमधून किंचित टिचकी खात असेल, तर आमिष तळाच्या अगदी जवळून जातंय. हवंय ते तिथेच. काही जण थंड, संथ पाण्यात मुद्दाम फ्लोट किंचित रोखून धरतात, म्हणजे आमिष शिशाच्या पुढे जातं. तो प्रकार नंतरचा. आधी सरळ चालवता आला पाहिजे.

नवं आमिष लावलं की दहा-बारा वेळा नुसता फ्लोटचा चालच बघायचा, माशाचा विचार नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॉड, लाइन, लीडरची लांबी आणि आमिष एकदम बदललं तर मासा लागला तरी कशामुळे लागला ते कळत नाही, आणि न लागला तरी नाही.

ब्रेड लाइन आहे, मग चिंता नाही

चिंता आहे. ब्रेड म्हणजे अनेक धागे विणून केलेली लाइन. ती बारीक, मजबूत आणि पाण्यावर तरंगणारी, म्हणून फ्लोटसाठी ती खरंच सोयीची. पण तिच्या तीन खोडी आहेत.

ती गुळगुळीत असते. स्पूलवर (रीलच्या रिळीवर) खाली थोडी मोनो, म्हणजे एकाच तंतूची नायलॉनची लाइन, न गुंडाळता थेट ब्रेड भरली तर मोठा मासा लागताच अख्खं बंडल स्पूलवर गरगर फिरतं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करूनही लाइन सुटतच राहते आणि लोक रीलला दोष देतात. फ्लोट अडवणारी दोऱ्याची गाठही याच कारणानं घसरते. सकाळी सहा फुटांवर लावलेली खोली दुपारपर्यंत आठ फूट होते आणि गळ दगडात अडकू लागतो. दोन-तीन वेढे जास्त देऊन ती गाठ ओली करून आवळा.

ब्रेड ताणली जात नाही. इथे नदीत बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) नसलेलाच गळ वापरावा लागतो. माशानं डोकं झटकलं, लाइन क्षणभर सैल पडली की गळ निसटला. मोनोचा ताण हा धक्का झेलतो, ब्रेड झेलत नाही. म्हणून ब्रेडसोबत आखूड कडक रॉड घेतला तर मासे लागतात, हाती येत नाहीत. ड्रॅग जरा सैल ठेवा, रॉड वाकलेला राहू द्या.

तिसरी खोडी सगळ्यात महागात पडते. ब्रेड 30 पौंडांच्या ताकदीची आणि लीडरही 30 चा. गळ ओंडक्यात रुतला की तुटणार कुठे? फ्लोटच्या वर, कुठेही. फ्लोट, शिसं, स्विव्हल (फिरती कडी) सगळं गेलं आणि वर नदीत वीस-तीस वार लाइन लोंबकळत राहिली. लीडर नेहमी मुख्य लाइनपेक्षा कमजोर हवा. कोहो जातीच्या सॅमनसाठी 12 ते 15 पौंड पुरतो. मग तुटला तर फक्त लीडर आणि गळ जातो.

लांब रॉडनं जिग नाचवणं

कोहो संथ, खोल डोहात दबा धरून बसतात, तिथे फ्लोट नीट वाहत नाही. अशा जागी सशाच्या केसांचा किंवा माराबू पिसांचा दहा-अकरा ग्रॅमचा जिग (जड डोक्याचा गळ) टाकून त्याला झटके देतात. बासचा साडेसात-आठ फुटांचा रॉड असेल तर तो इथे घेऊन या. याच कामाचा आहे. उलट फ्लोटच्या लांब मऊ रॉडनं झटका दिला तर तो रॉडमध्येच जिरतो. जिग जागचा हलत नाही, मनगट मात्र दुखायला लागतं.

दुसरी गडबड म्हणजे घाई. जिग वर उडतो तेव्हा नव्हे, खाली पडतो तेव्हा मासा धरतो. झटका, झटका, मग पडू द्या. पडताना लाइन जराशी तणावात हवी, कारण बऱ्याचदा ठोका बसत नाही, नुसतं वजन जाणवतं किंवा लाइन मध्येच थांबते. तेवढ्यावरच उचलायचं.

मासा लागला म्हणजे प्रयोग जमला, असं समजणं

यावर जरा थांबतो, कारण इथे भले भले फसतात. फ्रेझर नदीत सॉकाय जातीचे सॅमन येतात तेव्हा काही लोक दहा-बारा फुटांचा लीडर लावून शिसं तळावरून घसटत नेतात. सॅमन श्वास घेताना तोंडाची उघडझाप करत असतो. आडवी वाहणारी लांब लाइन त्या तोंडातून सरकते आणि शेवटी गळ पलीकडच्या बाजूनं, बाहेरून आत रुततो. माशानं काही धरलेलंच नसतं. याला फ्लॉसिंग म्हणतात. गळाला हिरवी लोकर लावलेली असेल तर माणूस घरी येऊन सांगतो, हिरवी लोकर भारी चालते!

मासा हातात आला की गळ कुठे आणि कोणत्या दिशेनं शिरलाय ते बघा. तोंडाच्या आतून बाहेर आला असेल तर त्यानं धरला. बाहेरून आत गेला असेल तर तुमच्या नव्या आमिषाला काहीही श्रेय नाही, लीडर आखूड करा. आणि तोंडाव्यतिरिक्त कुठेही, म्हणजे पाठीत, पोहण्याच्या परामध्ये किंवा पोटात लागलेला मासा ब्रिटिश कोलंबियात लगेच सोडून द्यावाच लागतो.

नियम न वाचता मांडणी बांधणं

वर म्हटलेली खाडीची रचना आठवा: शिसं खाली, गळ वर. बासवाले त्यालाच ड्रॉप-शॉट म्हणतात. वॉशिंग्टन राज्यात ज्या नद्यांना अँटी-स्नॅगिंग (माशाच्या अंगात गळ रुतवून ओढण्याविरुद्धचा) नियम लागू आहे तिथे ही रचना सरळ बेकायदा आहे. शिसं आमिषाच्या खाली चालत नाही आणि वरही 12 इंचांच्या आत चालत नाही. गळ एकच, एकाच टोकाचा. सिअॅटल-बेल्व्ह्यूच्या मंडळींनी नदीगणिक हे बघूनच निघावं.

ब्रिटिश कोलंबियात नदीवर एका लाइनला एकच गळ, एका टोकाचा, बार्बविना. स्पून म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या आमिषामागे शेपटासारखा दुसरा गळ जोडायची कल्पना तिथेच संपते. दुकानातल्या स्पिनरला (फिरत्या पात्याच्या आमिषाला) तीन टोकांचा गळ असतो, तो काढून एकेरी लावावा लागतो. नुसता लहान एकेरी लावला तर मागचं वजन कमी होऊन स्पिनर कलंडतो. एखादा नंबर मोठा गळ लावा. बार्ब पकडीनं दाबल्यावर गळ जुन्या टी-शर्टात टोचून ओढा. अडकला तर नीट दाबलेला नाही.

फ्रेझरवर परवान्याचाही घोळ होतो. मिशन गावच्या रेल्वे पुलापासून खाली, समुद्राच्या बाजूला, भरती-ओहोटीचं पाणी धरतात आणि तिथे केंद्राचा परवाना लागतो. पुलापासून वरच्या बाजूला प्रांताचा परवाना आणि सॅमनसाठीचं जादा शुल्क. पूल ओलांडून शंभर पावलं वर गेलात तरी कागद बदलतो.

खूप लांब फेकणं

लांब रॉड आणि बारीक ब्रेड मिळाली की हात शिवशिवतात. फ्रेझरच्या वाळूच्या पट्ट्यांवर मात्र वर निघालेले मासे बऱ्याचदा काठालगतच्या कमी वेगाच्या पाण्यातून जातात. कमरेपर्यंत आत उभं राहून तिथून पुढे फेकणाऱ्याच्या पाठीमागून मासे निघून जातात. आधी पाण्यात न उतरता जवळ टाका, मग थोडं थोडं लांब.

नोव्हेंबरची सकाळ

ब्रेड विणीत पाणी धरून ठेवते, मोनो फारसं धरत नाही. पारा शून्याखाली गेला की ब्रेडनं आणलेलं पाणी रॉडच्या कड्यांत गोठतं, फेक अर्ध्यावरच अडकते आणि लोक जोर लावून लाइन तोडून घेतात. बर्फ नखानं खरवडू नका, कड्याच्या आतली चकती निघून येते. रॉडचं टोक क्षणभर पाण्यात बुडवा, बर्फ विरघळतो. चम सॅमनच्या अखेरच्या आठवड्यांत त्या दिवसापुरता मोनो भरलेला दुसरा स्पूल खिशात ठेवलात तर ही कटकटच नाही.