घरातल्या म्हाताऱ्या माणसाला व्हायरल झालाय, मेलाटोनिन द्यायचं तर कसं?

जुलैचा पाऊस लागला की आमच्या खानापूर साईडला घराघरातनं खोकल्याचे आवाज येतात, यंदा आमचे बाबा सापडले, वय 76. ताप पॅरासिटामॉलने उतरायचा पण झोप कुठली, रात्रभर "वाजले किती रे?" एवढंच. बेळगावात एका मेडिकलवाल्यानं वय न विचारता मेलाटोनिनची, म्हणजे झोपेच्या हार्मोनची, 10 मिलिग्रॅमची स्ट्रिप दिली, वर म्हणतोय इम्युनिटीला पण भारी हाय. दिली मी. रात्री तीनला बाबा मोरीकडं जाताना झोकांडी खाऊन भिंतीवर गेले, मी जागा होतो म्हणून दंडाला धरलं. तेव्हा कुठं शहाणपण सुचलं आणि डॉक्टरांना धड विचारलं.

आधी हे डोक्यात घ्या की मेलाटोनिन व्हायरस मारत नाही. अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी हे सोडते, 1958 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अॅरन लर्नर यांनी ते गाईंच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. वय वाढेल तसं ते कमी होत जातं. लॅबमध्ये आणि प्राण्यांवर सूज कमी करताना दिसलंय, कोविडमध्ये माणसांवर छोटे छोटे अभ्यास पण झाले, पण त्यावरून इलाज ठरवावा एवढं त्यात काही नाही. 2020 ला ट्रम्पना कोविडमध्ये दिलं होतं हे सगळे सांगतात, त्यांना रेमडेसिवीर, डेक्सामेथासोन ही औषधं आणि अँटिबॉडी पण दिली होती हे कोण सांगत नाही. आपण द्यायचं ते झोपेसाठी, म्हातारं माणूस झोपलं की दुसऱ्या दिवशी दोन घास जास्त खातं एवढा फायदा मला पुरे.

आता काम. बाबांच्या सगळ्या गोळ्या कुंद्याच्या (बेळगावची मिठाई) रिकाम्या डब्यात असतात, तो डबाच उचलून डॉक्टरांकडं न्या, आमच्याकडं दवाखान्याचा बोर्ड कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्लिशमध्ये, म्हाताऱ्यांना दोन्ही वाचता येत नाही, त्यामुळं नावं पाठ करण्यापेक्षा स्ट्रिप दाखवलेली बरी. रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. बीपीची निफेडिपिन असेल तर बीपी वर जाऊ शकतं. डिप्रेशनची फ्लुवोक्सामिन चालू असेल तर मेलाटोनिन अजिबात नको, रक्तात कितीतरी पट साठतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पण मेलाटोनिन वाढवतं, आणि आमच्याकडं व्हायरलला अँटिबायोटिक मागून घ्यायची सवयच आहे (व्हायरसवर ती चालत नाही, पण ऐकतंय कोण). खोकल्याच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असेल तर गुंगीवर गुंगी. शुगरची गोळी, झोपेची जुनी गोळी, सगळं सांगा.

डोस कमीच. युरोपात 55 च्या वरच्यांसाठी 2 मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी गोळी मंजूर आहे, जेवणानंतर, झोपायच्या एक-दोन तास आधी. ती तोडायची किंवा चुरायची नाही, सगळी एकदम सुटते. साधी गोळी असेल तर डॉक्टर म्हणतील तेवढीच, आमच्या डॉक्टरांनी अर्धी सांगितली. मध्यरात्री जाग आली म्हणून अजून एक, हे करू नका.

आणि गोळीच्या आधी ट्यूबलाईट बंद करा ओ. आमच्याकडं नऊपर्यंत टीव्ही, मग नातवाचा मोबाईल, उजेड असला की शरीरातलं मेलाटोनिनच दबतं मग वरून गोळी कशाला. सकाळी पडवीत उजेडात बसवा, चारनंतर चहा बंद (यावर आमच्यात भांडण झालं). रात्री मोरीपर्यंत एक बारीक दिवा, पायपुसणी उचलून ठेवायची, शेजारी कुणीतरी झोपायचं. दुसऱ्या दिवशी पण सुस्ती असेल तर गोळी बंद करून फोन करा.

एक गोष्ट मात्र झोपेच्या नावाखाली दडपू नका. म्हाताऱ्यांना न्यूमोनियात कधी कधी ताप पण नसतो, नुसतं बरळतात, ओळखत नाहीत, उठवलं तरी उठत नाहीत, त्याला "गोळीची गुंगी असेल" म्हणायचं नाही. धाप, ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली, लघवी कमी, यातलं काही दिसलं की सकाळची वाट न बघता गाडी काढायची, खानापूर ते बेळगाव पावसात तास पण लागतो हे धरून.

बाबांचा ताप पाचव्या दिवशी गेला, गोळी आठव्या दिवशी बंद केली. आता रोज रात्री विचारतात, "ती पांढरी गोळी कुठाय रे?" डबा मी माळ्यावर ठेवलाय.