पान दिसत होतं मराठी, आत मराठी नव्हतंच

छापील पानं वेबवर आणायच्या कामात नव्याने पडलेल्यांसाठी हे लिहितेय. इनडिझाइन, थोडं एचटीएमएल, थोडं सीएसएस तुम्हाला येतं असं धरून चालते. मलाही ते येत होतं, तरी मी एका ठिकाणी अशी अडकले की काही आठवड्यांचं काम पुसून पुन्हा करावं लागलं.

काम होतं एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांचं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेत देणारी पद्धत). वेबपानावर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. मी तोच फॉन्ट सीएसएसमधल्या फॉन्ट-फेस नियमाने पानाला जोडला आणि क्षणात सगळं मराठी झालं. एवढा आनंद झाला की मी भराभर सगळे अंक तसेच उरकले. मग संपादकांनी स्वतःच्याच लेखाचं शीर्षक शोधून पाहिलं. एकही निकाल आला नाही. एक परिच्छेद कॉपी करून मेलमध्ये टाकला, तिथे पुन्हा तीच चिन्हं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकलं तर तो इंग्रजी अक्षरं वाचत सुटला. त्या संध्याकाळची आठवण आली की अजूनही पोटात गोळा येतो.

असं होतं कारण जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कागदावर चित्रच पुरतं. वेबवर मात्र शोध, कॉपी, भाषांतर, वाचून दाखवणं हे सगळं चित्रामागच्या संकेतांवर चालतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलावाच लागतो. त्याला पळवाट नाही.

आणि हा बदल करणारा कन्व्हर्टर चालवला म्हणजे सुटलात, असंही समजू नका. कोणत्या संकेतावर कोणतं चित्र, हा नकाशा प्रत्येक जुन्या फॉन्टचा निराळा: श्रीलिपीचा वेगळा, कृतिदेवचा वेगळा. चुकीचा निवडला तर कचरा हाती येतो आणि तो लगेच कळतो. न कळणाऱ्या चुका जास्त घातक. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट: ‘धर्म’ जुन्या फॉन्टमध्ये ध, म आणि मग रफार, युनिकोडमध्ये ध, मग र, हलन्त, म. कन्व्हर्टरला हा क्रम फिरवावा लागतो. जोडाक्षर आलं की कच्चा कन्व्हर्टर चुकतो: ‘स्थिती’मधली वेलांटी अर्ध्या स पाशीच थांबते आणि पानावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी.

दिसत नाही ते ‘ऱ्य’. माझ्या पानांत डोंगरातल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेलं मानधन ‘आचार्यांना’ गेलं होतं. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे स्पेलचेकर गप्प. माणसाने वाचल्याशिवाय ही चूक सापडत नाही. माझी ती एका मुद्रितशोधक बाईंनी पकडली, आणि तेव्हापासून माझं ठाम मत आहे: या कामाचा कोर्स करण्यापेक्षा चांगल्या मुद्रितशोधकाशेजारी चार दिवस बसा. ‘एका क्लिकवर होतं’ म्हणणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. ज्यांनी स्वतः पानं तपासलेली नाहीत ते तुम्हाला वेग शिकवतील, काम नाही.

पीडीएफवरून थेट एचटीएमएल करणारी साधनंही मला पटत नाहीत. ती प्रत्येक ओळ पानावर ठरावीक जागी खिळवतात. मोठ्या पडद्यावर हुबेहूब छापील पान दिसतं, आणि फोनवर वाचकाला बोटाने पान सरकवत बसावं लागतं. छापील पानाची रुंदी ठरलेली असते, वेबची नसते. तीन कॉलम सोडून द्या. मुख्य मजकूर, चौकट, छायाचित्र, छायाचित्राखालच्या ओळी यांचा वाचनक्रम आधी ठरवा. इनडिझाइनमध्ये आर्टिकल्स पॅनेल त्यासाठीच आहे. ते न वापरता निर्यात केली तर चौकटीतला मजकूर भलत्याच परिच्छेदांच्या मध्ये जाऊन बसू शकतो.

बाकीचं पटकन सांगते. ओळ बसवण्यासाठी मारलेले शिफ्ट-एंटर काढा. ‘पुढील मजकूर पान ६ वर’ अशा सूचना शोधून पुसून टाका, त्या हमखास राहतात. छायाचित्रं सीएमवायकेतून (छपाईचे रंग) एसआरजीबीत (पडद्याचे रंग) आणा. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा, अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात.

घाबरू नका मात्र. पहिली काही पानं जीव काढतात, पण एका फॉन्टच्या चुका ठरावीकच असतात. त्यांची यादी वहीत लिहीत गेलात तर पुढच्या अंकांत अर्ध्याहून जास्त दुरुस्ती शोधा-आणि-बदलाने होते. फक्त ‘र्य’ एकगठ्ठा बदलू नका. सूर्य, कार्य, धैर्य बिघडतील. ते एकेक बघायचं.

नवं काम आलं की मी आता आधी एकच परिच्छेद घेते, ज्यात वेलांटीचं जोडाक्षर, रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ असेल असा. तो बदलून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकते, फॉन्ट काहीही न लावता, आणि मोठ्याने वाचते. तो बरोबर आला की मगच उरलेल्या अंकाला हात लावते.