साडेतीनला 212, चारला 208: भाव पडला नव्हता

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवते. शेअर बाजारातलं डीमॅट, डिलिव्हरी, इंट्राडे हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मला जिथं ठेच लागली तेवढंच नीट सांगते, कारण ते आठवलं की अजूनही पोटात कालवतं.

2022 चा मार्च. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून दिलेल्या पैशांत मी एका लहान कंपनीचे 100 शेअर घेतले होते. साडेतीनला मोबाइलवर भाव 212. केंद्रातली गर्दी आटोपून चारला पाहिलं तर 208.20. बाजार बंद, बातमी काही नाही, आणि भाव जवळपास चार रुपयांनी खाली. पावणेचारच्या सुमारास झालेले सौदेही दिसत होते. मला वाटलं, आतली खबर असलेला कुणीतरी माल काढतोय. रात्री आफ्टर मार्केट ऑर्डर (बाजार बंद असताना टाकायची ऑर्डर) टाकली, विक्री, तीही मार्केट भावाने, म्हणजे मिळेल त्या भावाला. सकाळी बाजार उघडताच माझे शेअर 204 ला गेले. दुपारी तोच शेअर 215 वर होता. बाबांना सांगायला मला आठ दिवस लागले.

भाव पडलाच नव्हता. आता पुढचं सावकाश वाचा. एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, तेव्हा दिवसाचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हता. 3 ते 3:30 या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, किती शेअर गेले त्याचं वजन धरून काढलेली सरासरी म्हणजे बंद भाव. समजा त्या अर्ध्या तासात 10,000 शेअर 208 ला गेले आणि अगदी शेवटी 500 शेअर 212 ला. एकूण रक्कम 21,86,000, शेअर 10,500. भागाकार 208.19, म्हणजे तेव्हाच्या पाच पैशांच्या टप्प्यात 208.20. मोबाइल साडेतीनला दाखवत होता तो शेवटचा सौदा, आणि चारला दाखवत होता ती सरासरी. बाजार समितीत एका बंडीला कमाल भाव मिळाला म्हणून फळ्यावरचा सर्वसाधारण दर तो होत नाही. हे कास्तकाराच्या पोरीला कळायला हवं होतं.

आणि पावणेचारचे ते सौदे? तेव्हा 3:40 ते 4 या वेळेतले सौदे ठरलेल्या बंद भावालाच व्हायचे. शंभर शेअर विका की लाख, भाव जागचा हलत नाही. म्हणजे त्या सौद्यांनी भाव पाडणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा टक्काही बंद भावावरूनच मोजतात. शेअर 210 ला उघडला तर हिरव्या रंगात 0.86 टक्के वाढ दिसते, पण काल 212 ला घेतलेला माणूस तोट्यातच असतो. वेळा आणि पद्धती बदलत असतात, म्हणून एक्सचेंजचं ताजं परिपत्रक स्वतः वाचा.

अमेरिकेत बाजार बंद झाल्यावरही रात्री आठपर्यंत सौदे चालतात आणि भाव खरोखर हलतो. यूट्यूबवरचे बरेच गुरुजी तिथलं शिकून इथं चिकटवतात. मी त्यातूनच फसले. नागपूरच्या एका क्लासला पैसे भरले, तिथंही बंद भाव कसा निघतो हे कुणी सांगितलं नाही. "डिलिव्हरी 60 टक्क्यांवर गेली की घ्या" असले मंत्र मात्र भरपूर दिले. डिलिव्हरीचा आकडा सौद्यांतला किती माल त्याच दिवशी न विकता घरी नेला गेला एवढंच सांगतो, का नेला ते सांगत नाही. जो स्वतःची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती) दाखवत नाही, त्याला गुरू मानू नका. शेअर बाजारातल्या वायद्यांत (फ्युचर्स-ऑप्शन्स) तर उतरूच नका. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तिथं व्यवहार करणाऱ्या 100 पैकी 93 व्यक्तींना तोटा झाला, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात आलं आहे.

घाबरू नका, हे शिकता येतं. आमच्या गावात संध्याकाळी वीज जाते, नेटवर्क रडतं, तरी मला जमलं. एनएसईच्या संकेतस्थळावर डिलिव्हरीच्या आकड्यांसह पूर्ण भावकॉपी (दिवसभराच्या भावांची फाईल) फुकट मिळते. त्यात लास्ट प्राइस आणि क्लोज प्राइस असे दोन वेगळे रकाने असतात. महिनाभरासाठी पाचच कंपन्यांचे शेअर निवडा (विकत घ्यायचे नाहीत) आणि रोज त्या दोन रकान्यांतला फरक वहीत लिहा. संध्याकाळी बल्क डीलची, म्हणजे मोठ्या सौद्यांची, यादी येते, त्यात एकाच शेअरसाठी एकच नाव घेणाऱ्यांतही आहे आणि विकणाऱ्यांतही आहे का ते बघा. असेल तर त्याने घेतलेलं विकलंही आहे, म्हणून त्या मोठ्या आकड्याने हुरळू नका.

रात्री ऑर्डर टाकायचीच असेल तर लिमिट लावून टाका, म्हणजे विकताना अमुक भावाच्या खाली विकायचं नाही अशी अट घालून. आफ्टर मार्केट ऑर्डर म्हणजे सौदा नाही. ती रात्रभर ब्रोकरकडे पडून असते आणि सकाळी एक्सचेंजला जाते. घेणारे मोजकेच असलेल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर मिळेल त्या भावाला खाली घसरत जाते. मी 208 ची लिमिट लावली असती, तर त्या सकाळी माझे शेअर 204 ला गेले नसते.