रास्पबेरीला आच्छादन करताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत परसात रास्पबेरी लावणारी मराठी मंडळी आच्छादन, म्हणजे मातीवर पालापाचोळा, लाकडाच्या चिपा यांसारख्या गोष्टींचा थर, करायला सहसा विसरत नाहीत; चूक होते ती पद्धतीत. टोमॅटोला किंवा आंब्याच्या कलमाला करतो तसेच आच्छादन रास्पबेरीलाही केले जाते आणि या झुडपाची वाढ निराळी आहे हे नजरेआड होते. रास्पबेरीची मुळे अनेक वर्षे जगतात, पण काडी दोनच वर्षांची असते. उन्हाळी वाणांत ती पहिल्या वर्षी वाढते आणि दुसऱ्या वर्षी फळ देऊन वाळते. पुढच्या हंगामाचे फळ देणारी काडी दर वर्षी नव्याने मातीतूनच वर यावी लागते.

म्हणूनच ओळीवर प्लास्टिक किंवा तणरोधक कापड अंथरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्याने तणांबरोबर मुळांवरचे फुटवेही कोंडले जातात. लाकडाच्या चिपांचा १५ सेंटिमीटरचा थरही तेच करतो. ५ ते ८ सेंटिमीटर पुरेसे आहेत. एप्रिलमध्ये थर हाताने बाजूला करून पाहावा. खाली पांढुरके, वाकडे झालेले कोंब दिसले तर थर लगेच पातळ करावा. हरळीसारखी बहुवर्षायू तणे मात्र आच्छादनापूर्वीच मुळासकट काढावीत आणि तेही हाताने, कारण रास्पबेरीची बरीचशी मुळे वरच्या थरातच असतात व खुरप्याने सहज तुटतात.

दुसरी चूक म्हणजे काड्यांच्या बुडाशी ढीग रचणे. तेथे ओल साचून साल कुजते, शिवाय हिवाळ्यात उंदीरवर्गीय प्राणी त्या आडोशाने साल कुरतडतात. प्रत्येक काडीभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. माती ओली असूनही पाने मलूल होत असतील तर एक जाड मूळ उकरून नखाने त्याची साल खरवडावी; आतला भाग पांढरा असेल तर मूळ निरोगी आहे, तांबूस तपकिरी असेल तर फायटोफ्थोरा मूळकुजीची (ओल्या मातीत मुळे कुजवणाऱ्या रोगाची) शंका घ्यावी. अशा वेळी निव्वळ आच्छादन हटवून भागत नाही. पाण्याचा निचरा सुधारावा, रोगट झाडे काढावीत आणि त्या जागी पुन्हा रास्पबेरी लावू नये.

पाने पिवळी पडली की बहुतेक जण आधी खत घालतात. त्यापूर्वी पिवळेपणा नीट पाहावा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर तो बहुधा लोहाचा अभाव असतो. रास्पबेरीला किंचित आम्लधर्मी माती मानवते, आणि अळिंबीच्या वाफ्यातून निघालेल्या कंपोस्टमध्ये चुना असल्याने त्याचा थर दर वर्षी दिल्यास मातीचा सामू (pH) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते, व लोह मुळांना मिळेनासे होते. याउलट जुनी, खालची पाने सरसकट फिकट होत असतील तर नत्र कमी पडते आहे. लाकडाचा भुसा मातीत मिसळला गेला की तो कुजवणारे जीवाणू तेथलेच नत्र वापरतात. तो पृष्ठभागावरच राहू द्यावा आणि वसंतात नत्रयुक्त खत द्यावे. पानकुजीचे खत मला यांतले सर्वांत निर्धोक वाटते.

कोरड्या मातीवर आच्छादन करू नये, कारण हलका पाऊस वरच्या थरातच जिरतो. भरपूर पाणी देऊन माती वाफशावर आली, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून ती नुसती ओलसर राहिली, की मगच थर पसरावा. छाटलेल्या रोगट काड्यांचा चुराही वापरू नये. करप्यासारखे बुरशीजन्य रोग त्यातून पुन्हा झाडावर येतात.

घोड्याच्या तबेल्यातले खत घेताना विशेष जपावे. कुरणावर फवारलेले अमिनोपायरॅलिडसारखे तणनाशक चाऱ्यावाटे खतात उतरते आणि कंपोस्ट झाल्यावरही टिकू शकते. ते खत थोड्या मातीत मिसळून कुंडीत घेवड्याच्या बिया पेराव्यात आणि शेजारी साध्या मातीची कुंडी ठेवावी. खताच्या कुंडीतल्या रोपांची पाने वाटीसारखी आत वळली, तर ते खत बागेत कुठेच वापरू नये.