टॅपेटची टकटक आणि अ‍ॅडिटिव्हची बाटली

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की टॅपेट (इंजिनातल्या झडपा उघडायला लावणारे छोटे भाग) टकटक वाजायचे. थोड्या वेळाने आवाज आपोआप बंद. गॅरेजवाल्याने अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये वरून ओतायच्या रसायनाची, बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. चांगल्या ऑइलमध्ये मळ साफ करणारं डिटर्जंट, काजळीच्या गुठळ्या होऊ न देणारं डिस्पर्संट, झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग हे सगळं मोजून घातलेलंच असतं. एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला दर्जा) असलेल्या ५डब्ल्यू-३० (ही ऑइलच्या घट्टपणाची ग्रेड) ऑइलला तर फॉस्फरसची ०.०८ टक्के ही वरची मर्यादा आहे, कारण तो वाढला की गाडीचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. त्यात वरून काहीबाही ओतायचं कशाला?

ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. जुन्या फिल्टरमध्ये बोट घालून पाहिलं, तर ऑइल परत वाहू न देणारी रबरी झडप प्लास्टिकसारखी कडक झालेली! म्हणजे गाडी उभी असताना ऑइल खाली उतरायचं आणि सकाळी टॅपेटपर्यंत पोचायला वेळ लागायचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल, बरा फिल्टर, आणि टकटक गायब.

सील मऊ करणारं अ‍ॅडिटिव्ह किरकोळ गळती काही काळ थोपवतं, हे खरं. पण झिजलेल्या पिस्टन रिंगा कुठल्याच बाटलीने भरून येत नाहीत.