मीटरचे काटे हलतायत? कसारा चढण्याआधी एवढं बघून घ्या

पिंपळगावची द्राक्षं नाहीतर लासलगावचा कांदा घेऊन वाशीला जाताना कसारा घाट उताराचा असतो. इंजिनाचा घाम निघतो तो परतीचा माल भरून चढताना. त्यामुळे ट्रकच्या डॅशबोर्डवरचे काटे हलायची तक्रार असेल, तर तपासणी निघण्याआधी नाशिकच्या आडगावला गाडी उभी असतानाच उरका.

पहिलं काम हत्यार न लावता करायचं: एकच काटा हलतो की सगळे एकदम, हे बघायचं. जुन्या गाड्यांत सेन्सरची वायर सरळ मीटरला यायची. आताच्या बीएस-6 गाड्यांत सेन्सर आधी ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, तिथून कॅन लाइनच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या) दोन वायरींवरून आकडा मीटरपर्यंत येतो. सगळे काटे एकदम शून्यावर पडून परत उठले, तर इंजिनावर संशय घेऊ नका. बॅटरीचे टर्मिनल, चासीची अर्थिंग आणि क्लस्टरमागचा (मीटरच्या पॅनेलमागचा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, बघा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर घासून काढा. मल्टिमीटर लावा: 24 व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण 27 ते 28.5 व्होल्ट दिसायला हवेत. कमी-जास्त होत असेल तर अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट तपासा. कॅन लाइनचीच शंका असेल तर बॅटरी सोडून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजायला सांगा. साधारण 60 यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा मध्ये वायर.

एकटा टेंपरेचरचा काटा हलत असेल तर कूलंट बघा, पण इंजिन गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, घाई कितीही असली तरी. पातळी खाली गेली की सेन्सरपाशी कधी कूलंट, कधी हवा येते आणि काटा उड्या मारतो. घाटात काटा सावकाश वर जाऊन फॅन जोरात फिरला की खाली येतो, ते चालायचंच. मात्र बऱ्याच नव्या मीटरांत छोटे चढउतार मुद्दाम दाबलेले असतात. मधोमध ठाण मांडून बसलेला काटा तिथून हलला, तर आत बरंच काही आधीच हललंय असं धरा.

ऑइल प्रेशरला मात्र दयामाया नाही. गरम इंजिन आयडलिंगला असताना प्रेशर थोडं उतरतं, रेस दिली की चढतं. पण वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा पडत असेल, तर सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक काढा. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो. लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद. ‘सेन्सरच गेला असेल’ म्हणत इगतपुरीपर्यंत रेटणं इंजिन उतरवण्याच्या खर्चाला बोलावणं आहे. सेन्सर खोटा बोलतोय का, हे मेकॅनिक साधा प्रेशर गेज लावून सांगेल.

डिझेलचा काटा चढावर डुलतो, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

मेकॅनिककडे जाण्याआधी क्लीनरला काट्याचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगा. चढ होता का, हेडलाइट चालू होते का, पाऊस होता का, तेही त्यातच बोलून ठेवायचं. सेन्सर बदलायच्या आधी स्कॅनर लावून एरर कोड लिहून घ्या. आणि चावी बंद केल्याबरोबर बॅटरीचा कट-ऑफ मारू नका, ॲडब्लूची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) लाइन रिकामी व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्या.